रोज एक दुसरी प्रत

“रोज एक तरी?” चाळणी स्वतःशीच म्हणाली. चष्मा पुसून तिनं ओळ पुन्हा वाचली.

‘दुसरी प्रत बंद करू नये. उलट रोज निदान एक निघेल अशी पक्की सोय करावी. कळावे.’

ती ज्या कंपनीत होती ती लोकांच्या फायली सांभाळायची. घरी लिहिलेलं दुकानात दिसावं, दुकानात बदललेलं घरी बदलावं, फोन पाण्यात पडला तरी आतलं सगळं कोरडं राहावं, असा तो धंदा. लोक फायली ठेवत आणि सोबत मागण्याही पाठवत. हे हवं, ते नको, अमुक असतं तर किती बरं झालं असतं. या मागण्या वाचायच्या, एकसारख्या एका ढिगात घालायच्या आणि कोणत्या ढिगावर किती मतं पडली ते वर कळवायचं, हे तिचं काम. म्हणून ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. आधी तिला राग यायचा. मग तिच्या लक्षात आलं, की खरं नाव घेऊन हाक मारली की काहीतरी चुकलेलं असतं, आणि चाळणी म्हटलं की चहा आलेला असतो.

मागण्या वाचायची तिला मनापासून आवड होती. कोणाला फोल्डरांना रंग हवे असत. कोणा बाईला नवऱ्याला दिसणार नाही असा फोल्डर हवा असे, आणि त्याच आठवड्यात कोणा नवऱ्याला बायकोनं लपवलेलं शोधायची सोय हवी असे. एकानं लिहिलं होतं, फाइल पुसताना ‘नक्की पुसू?’ असं विचारण्याऐवजी ‘कशाला?’ असं विचारा, म्हणजे माणूस जरा थांबेल. यातली एकही गोष्ट पुढे झाली नाही. पण चाळणीला वाटायचं, लोकांच्या घरात उंबऱ्यापर्यंत जाऊन आल्यासारखं होतं. चपला काढाव्या लागत नाहीत.

दुसऱ्या प्रतीचा ढीग मात्र सगळ्यांत उंच होता. भानगड साधीच. एकच फाइल दोघांनी दोन यंत्रांवर, नेट बंद असताना बदलली, की नेट आल्यावर खरं कोणाचं मानायचं हे कंपनीला कळायचं नाही. मग ती बिचारी दोन्ही ठेवायची. पहिली मूळ नावानं, आणि शेजारी ‘दुसरी प्रत’. लोकांना याचा भयंकर वैताग. ‘ही अवदसा बंद करा’ म्हणून हजारोंनी लिहिलं होतं. अखेर वरच्यांनी मनावर घेतलं. सोमवारच्या नव्या व्हर्जनपासून जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहणार होतं. दुसऱ्याचं गेलं. न सांगता, न विचारता. तशी सूचनाही सगळ्यांना गेली होती: ‘दुसऱ्या प्रतीचा त्रास आता कायमचा संपणार!’

आणि इथे कोणीतरी म्हणत होतं, त्रास रोज द्या.

हाताला सवय असते. चाळणीनं मागणी उचलली आणि दुसऱ्या प्रतीच्या ढिगात टाकली. ढिगावरचा आकडा एकानं वाढला. ती पुढच्या मागणीकडे वळली आणि थबकली. ढिगाला फक्त मोजता येत होतं. हवं म्हणणारं कोण आणि नको म्हणणारं कोण, हे त्याला कुठे कळणार? ज्यानं ‘बंद करू नका’ म्हणून हात जोडले, त्याचंच मत ‘बंद करा’च्या पारड्यात जाऊन पडलं होतं.

“अगं बाई,” म्हणत चाळणीनं मागणी पुन्हा बाहेर काढली. मग मागणाऱ्या खात्याकडे पाहिलं. आतलं काही तिला दिसायचं नाही, दिसू नयेच. पण नोंदी दिसायच्या. त्या खात्यात दर कामाच्या दिवशी, दुपारच्या चहाच्या सुमाराला, एक दुसरी प्रत निघत होती. इतरांच्या घरात अपघातानं होतं ते इथे दिवेलागणीसारखं नेमानं चाललं होतं. आता हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागणं शक्य नव्हतं. खाली नंबर होता. तिनं फोन लावला.

पलीकडे शिलाई मशीनचा खडखडाट होता. तो थांबला. “बोला. गणवेश का?”

“नाही. तुम्ही फायलींच्या कंपनीला लिहिलं होतं ना? दुसऱ्या प्रतीबद्दल. मी तिथून बोलते.”

“अय्या! माणूस आहे तिथे?” पलीकडची बाई खरोखर दचकली. “मला वाटलं, ते असंच कुठेतरी जातं. थांबा हं, दार लोटते.” मग आवाज खाली आला. “आमचं शिंप्याचं दुकान आहे. मी आणि सासूबाई. शाळेचे, दवाखान्याचे, ड्रायव्हर लोकांचे कपडे शिवतो. माप त्याही घेतात, मीही घेते.”

“अर्धी गिऱ्हाइकं त्यांची, अर्धी तुमची?”

“छे हो. एकाच माणसाचं. आधी त्यांच्या काउंटरवर, मग माझ्या. लोकांना वाटतं दुकानाची पद्धतच आहे.” ती हसली. “सासूबाई टेप आवळून धरतात. त्यांच्या मते माणूस जाड होतो ते कपड्याच्या सैलपणामुळे. मी पडते ढिली. माझं म्हणणं, माणसानं जेवायला नको का? यावरून आमचं काय काय झालंय, विचारू नका. कपडे परत यायचे, की मग आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो. एकदा तर मी बॅग भरली होती.”

“मग?”

“मग एक दिवस नेट गेलं. त्यांनी त्यांच्या टॅब्लेटवर मापं लिहिली, मी माझ्या संगणकावर. नेट आलं तर फाइल एक आणि शेजारी ही दुसरी प्रत. दोघींचे आकडे शेजारी शेजारी. कोणी कोणाचं खोडलेलं नाही. आम्ही दोघी बघतच बसलो. सासूबाई म्हणाल्या, मधलं काप. कापलं. एकही शर्ट परत आला नाही! तेव्हापासून सकाळी दोघी नेट बंद करतो, आपापलं लिहितो, चहाच्या वेळी चालू करतो.”

चाळणीला हसू आवरेना. “अहो, मग सरळ दोन फायली करायच्या. एक त्यांची, एक तुमची.”

पलीकडे मशीन एकदा खडखडलं आणि पुन्हा थांबलं.

“दोन फायली म्हणजे दोन दुकानं, बाई,” सून म्हणाली. “घर मोडतं ते तिथूनच. ही फाइल एकच आहे, दोघींची. दुसरी प्रत यंत्र काढतं. तिच्यावर मी रुसू शकत नाही, त्याही नाहीत. सोमवारनंतर काय होईल सांगू? आम्ही दोघी दुकान बंदच करणार नाही. शेवटचं सेव्ह कोण करतंय ते बघत बसू.”

“कोण आहे गं?” मागून आवाज आला आणि फोन हिसकावून घेतल्यासारखी खरखर झाली. “हॅलो. मी सासू. ती म्हणाली ते खरंय. फक्त मी आवळून धरत नाही. मी नीट धरते. तुझं लग्न झालंय का गं?”

“हो. झालं त्याला बरीच वर्षं.”

“सासू?”

“आता नाहीत.”

“भांडायचात?”

“नाही हो. एकदाही नाही.” चाळणी अभिमानानं म्हणाली. अभिमानाचीच गोष्ट होती ती. नात्यात सगळे दाखला द्यायचे. सासूबाई काहीही म्हणोत, चाळणी ‘बरं’ म्हणायची. पडदे, शाळा, नोकरी, दवाखाना. सगळ्याला बरं.

“मग काय केलंत गं दोघींनी इतकी वर्षं?” म्हातारी म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. “तेवढं बंद होऊ देऊ नकोस. आणि ये की एकदा माप द्यायला. भाजीबाजाराच्या मागेच आहोत.”

त्या रात्री जेवताना चाळणीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर अडकलेल्या माणसांना ‘घाबरू नका’ म्हणून घरी आला, की त्याला कोणाचीच काळजी करवत नसे.

“कोणीतरी शेवटचं बोलणारच ना,” तो म्हणाला. “जगरहाटी आहे.”

“हो. या घरात तुम्हीच.”

“मी कुठे?” म्हणून तो ताट घेऊन उठला, म्हणजे शेवटचं तोच बोलला.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. साहेब तिच्या भाच्याच्या वयाचे, स्वभावानं गोड. नाही म्हणतानाही समोरच्याचा चहा गार होऊ देत नसत. नवं व्हर्जन जायच्या आधी दुसऱ्या प्रतीबद्दलचं सगळं मिटलेलं हवं होतं.

“चाळणीताई, इथे शिल्लक एक दाखवतंय.”

“एक आहे म्हणून दाखवतंय.”

साहेबांनी वाचलं, ऐकलं, आणि ते मनापासून हसले. “भन्नाट आहेत हो. पण दोन फायली करायला सांगा ना.”

“सांगितलं. दोन फायली म्हणजे दोन दुकानं.”

“बरं, पुसलं गेलेलं सगळंच जात नाही. जुन्या नोंदींत महिनाभर मिळतं. शोधलं तर सापडेल.”

“हरवलंय हे कळलं तर माणूस शोधणार,” चाळणी म्हणाली. “साहेब, एक बटण ठेवू या. कुठे आत खोल ठेवा. ज्याला दोन प्रती हव्यात, त्यानं दाबावं.”

इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं तेही दुसऱ्यासाठीच. पण तोंडाला कोरड पडली ती तिच्या.

साहेब खरंच विचारात पडले. ते बघून तिला आशा वाटली, आणि तिथेच तिचं चुकलं. “एक बटण वाढवलं की दहा जण फोन करतात, हे बटण कशाचं म्हणून,” ते म्हणाले. “आणि ताई, इकडे हजारो आहेत. तिकडे एक.”

“दोन,” ती म्हणाली. “सासू धरून.”

साहेब पुन्हा हसले, आणि तिच्यासमोरच, अगदी हळुवारपणे, त्यांनी ती मागणी मिटवली. शिल्लक शून्य झालं. मिटवलेल्या मागणीला संध्याकाळी ठरलेलं उत्तर आपोआप जायचं: ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.’

“ते उत्तर थांबवा,” चाळणी म्हणाली. “मी सांगते त्यांना.”

“बरं,” साहेब म्हणाले.

शनिवारी ती भाजीबाजाराच्या मागे गेली. दुकान एका खोलीचं, पण काउंटर दोन. दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. मध्ये कापडाचे तागे, बटणांचे डबे आणि कापायचं लांब टेबल. सासू तिनं मनात धरली होती त्यापेक्षा बुटकी निघाली, सून उंच. दोघींच्या गळ्यात टेप.

“माप द्यायला आले,” चाळणी म्हणाली. “एक साधा शर्ट. आणि एक सांगायला आले.” माप आधी द्यावं, असं तिच्या मनात होतं. पण तोंडानं ऐकलं नाही. “नाही झालं माझ्याच्यानं. सोमवारपासून दुसरी प्रत निघणार नाही. जी शेवटी सेव्ह करेल तिचं राहील.”

सुनेनं हातातली कात्री टेबलावर ठेवली. सासूबाईंनी आपला टॅब्लेट उचलला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, पदरानं काच पुसली आणि काउंटरच्या खणात घालून खण लावून टाकला.

“हे काय?” सून म्हणाली. “आजचा दिवस तर निघते ना अजून?”

“आज निघेल. सोमवारी काय करशील?” त्या काउंटरच्या मागून बाहेर आल्या. “ये गं, उभी राहा इथे. हात वर कर.”

चाळणी कापायच्या टेबलाशी, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं हात वर केले. सासूबाईंनी टेप छातीभोवती घेतली आणि अशी आवळली, की चाळणीचा श्वास जागच्या जागी थांबला.

“अडतीस,” सासूबाई म्हणाल्या. मोठ्यानं.

सून अजून आपल्या काउंटरपाशीच होती. सुनेकडे न बघता सासूबाईंनी मान हलवली, म्हणजे ये. सून आली. तिची टेप अंगावरून नुसती फिरली, एखादी ओढणी फिरावी तशी. तिनं आकडा पाहिला. तोंड उघडलं, मिटलं. यंत्रात लिहिणं वेगळं. सासूच्या पुढ्यात उभं राहून म्हणणं वेगळं.

“बोल की,” सासूबाई म्हणाल्या. “मी काय खाणार आहे तुला?”

“एकोणचाळीस,” सून म्हणाली.

बाहेर एक गाडी गेली. डब्यांतली बटणं किंचित थरथरली. दोन आकडे खोलीत होते आणि आता ते शेजारी मांडून ठेवणारं कोणी नव्हतं. दोघी चाळणीकडे बघत होत्या. मधला आकडा तिच्या अगदी जिभेवर होता. आयुष्यभर एकत्र करण्याचंच काम केलं होतं तिनं. पण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

सुनेनं खडू उचलला आणि कापडाच्या तुकड्यावर टेकवून ठेवला. लिहिलं काहीच नाही.

“साडेअडतीस,” शेवटी सासूबाई म्हणाल्या. आवाज असा, जणू कोणी त्यांचा दात काढत होतं. “लिही. पण अडतीसच बरं होतं, हे मी सांगून ठेवते.”

“आणि मी एकोणचाळीस म्हटलं होतं,” सून म्हणाली. “तेही असू द्या.”

“असू दे की. मी कुठे नको म्हणते?”

सून वाकून लिहू लागली. सासूबाई तिच्या खांद्यावरून, टाचा उंचावून, आकडा नीट पडतोय का ते बघत होत्या. चाळणी दोघींच्या मागे तशीच उभी होती, हात वर केलेले. ते खाली घ्यायला तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.