बरणीवरची रेघ

"ऋता, तुझ्या सासूबाई दुपारी काही खातात की नाही गं?" समोरच्या फ्लॅटमधल्या शुभाने मला लिफ्टपाशी गाठून विचारलं होतं. "दोनदा भाजी घेऊन गेले, दोन्ही वेळा नको म्हणाल्या. चेहरा कसला उतरलेला!"

"अगं, त्यांचे उपास असतात," म्हणत मी लिफ्टचं दार ओढून घेतलं.

माझा डोळा त्या दिवसांत घरातल्या साखरेच्या बरणीवर होता; साखर भराभर कमी होत होती.

आम्ही नवराबायको बिनसाखरेचा चहा पितो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, डायबेटीस. रोज सकाळी त्या चेंबूरहून मुलुंडला आमच्याकडे येतात, पर्समधली गोळी पाण्याबरोबर घेतात आणि निहारला माझ्याकडून घेतात. निहार नऊ महिन्यांचा. मग साखर खातंय कोण?

वर्षाचा होईपर्यंत साखरेचा कणही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि याच आईंनी बारशाला त्याच्या ओठाला मधाचं बोट लावायला घेतलं होतं. मी हात धरला म्हणून थांबल्या. "आमची काय पोरं वाढली नाहीत?" असं चारचौघांत म्हणाल्या. ते मी विसरले नव्हते.

एका सोमवारी बरणीवर स्केचपेनने बारीक रेघ मारली. बुधवारी साखर बोटभर खाली.

"आई, साखर लवकर संपतेय ना हल्ली?"

"मुंग्या झाल्या होत्या. टाकली थोडी." माझ्याकडे न बघता त्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या.

मुंग्या? मला तर एक दिसली नव्हती. त्या गेल्यावर निहारच्या लाळेऱ्यावर दोन दाणे चमकले. जिभेवर ठेवले. साखरच.

देवव्रतला सांगितलं तर म्हणाला, "यार, आई आहे माझी. चौकशी आयोग नको बसवूस."

शुक्रवारी हाफ डे टाकला. कुणाला न सांगता एक वाजता घरी आले आणि आवाज न करता किल्ली फिरवली.

निहार पाळण्यात होता. पट्टा लावलेला, हातात खुळखुळा. आई स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला टेकून. बरणी मांडीत. चमचा थरथरत होता, साखर पदरावर सांडत होती आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"त्याला आधी ठेवलं गं," एवढंच म्हणाल्या. "हातातून पडायला नको."

मी साखरपाणी पाजलं. जरा वेळाने बोलत्या झाल्या. निहार जन्मल्यावर आठ दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हा देवाला बोलल्या होत्या: पोर घरी येऊ दे, वर्षाचा होईपर्यंत संध्याकाळचा दिवा लागल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही.

"गोळी मात्र एकदाही चुकवली नाही हं. डॉक्टर ओरडतात. अंग गळालं की चमचाभर साखर घेते, तो काही घास नव्हे."

उपाशीपोटी साखर उतरवायची गोळी. नऊ महिने.

"आई, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"तू मोठी शहाणी! तुझा डबा कोण धुतं? रोज अर्धा परत आणतेस."

मी चिडले. "ठीक आहे. उरलेले तीन महिने मी करते उपास, तुम्ही जेवा."

"वेडी का गं तू? अंगावर पाजतेस! तुझ्याच पोटात काही नसेल तर पोराला काय मिळणार?"

"आणि दिवसभर त्याला उचलतं कोण?"

त्या पाळण्याकडे बघत बसल्या. खुळखुळा खाली पडला तसा निहार किंचाळला. उठायला गेल्या, पण पाय साथ देईनात. पुन्हा बसल्या.

"डब्यात आहे का काही तुझ्या?" त्यांनी विचारलं.

दोन पोळ्या होत्या. एक त्यांनी खाल्ली, एक मी. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं.

रेघ मी पुसलेली नाही. आता रोज एक वाजता व्हिडिओ कॉल करून ताट दाखवायला लावते. "विश्वास नाही ना माझ्यावर?" म्हणतात. "नाही," म्हणते आणि माझा डबा त्यांना दाखवते.

तुमचं मूलही कुणी सांभाळत असेल. आज दुपारी फोन कराल तेव्हा ते जेवलं का, एवढंच विचारून फोन ठेवू नका. ज्यांनी भरवलं त्यांनी काय खाल्लं तेही विचारा. 'उपास आहे' असं उत्तर आलं तर घरी जाऊन बघा.