गाण्याच्या वर्गातला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. हातात धरायचा, लाकडी मुठीचा. एका कारागिराने माझी काच कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, पाठीला चकाकी चढवली. दुकानातून मला उचललं ते गाणं शिकवणाऱ्या बाईंनी. नट्टापट्टा करायला नव्हे हं! माझं काम गाण्याचं होतं.

वर्गातली मुलं मला तोंडासमोर धरून गात. अहाहा, काय एकेक तोंडं व्हायची! वरचा सूर आला की भुवया कपाळात, जबडा आवळलेला, मानेच्या शिरा टरारलेल्या. बाई म्हणत, "खांदे उचलू नका. श्वास पोटापर्यंत जाऊ दे. जबडा सैल सोडा. आणि चेहरा हसरा, सूर कितीही अवघड असो." मुलं माझ्यात बघून सुधारत. पालक म्हणत, "बाईंच्या आरशाची कमाल आहे!" मी कौतुकाने फुगून जायचो.

सगळ्यांत गुणी होती बाईंची भाची. वर्षभरात तिने चेहरा असा काही ताब्यात आणला, की कपाळावर साधी आठीही दिसेना. मोठी स्पर्धा जवळ आली होती आणि बाईंची सारी भिस्त तिच्यावर होती.

एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, घसा फार दुखतोय गं. पाणी गिळतानाही."

"गा बघू," बाई म्हणाल्या. तिने मला धरलं आणि ती गायली. चेहरा शांत, हसरा. "कुठे काय दिसतंय? उगाच नाटकं करू नकोस. स्पर्धा तोंडावर आलीय."

मला ठाऊक होतं हो! माझी मूठ तिने कधी नव्हे इतकी घट्ट आवळली होती. पण आरशाला बोलता येतं का? मी आपला तिचा हसरा चेहरा दाखवत राहिलो. ती रोज गात राहिली. दहाव्या दिवशी वरच्या सुरावर तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तरीही ती हसतच होती, शिकवल्यासारखी.

डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याला कायमची इजा झाली आहे. बोलता येईल, पण गाणं संपलं.

बाईंनी वर्ग बंद केला. मला कपाटाच्या तळाशी टाकलं. माझ्या काचेवर आता काळे डाग पडलेत. भाची अजून येते, घोगऱ्या आवाजात इकडचं तिकडचं बोलते. परवा बाईंचा बांध फुटला. "अगं, रड की एकदा! माझ्यावर ओरड, भांड, पण अशी हसू नकोस!"

"सवय झालीय गं मावशी," ती म्हणाली.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल, माझी काळजी करू नका. एवढंच करा. कुणी दुखतंय म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. तिथेच थांबा आणि त्याचं ऐका.