शेजारचा ट्रे

आमच्या ह्यांना वाकता येत नाही. डॉक्टरने कंबरेला पट्टा दिलाय, तो खुंटीला लटकतोय. पलंगाखाली गेलेली चप्पल मी काढून द्यायची, पडलेलं झाकण मी उचलायचं, आणि पाण्याची झारी जरा पुढे सरकवा म्हटलं की ह्यांच्या पाठीतून कळ जाते. पण ही कंबर फक्त कुंपणाच्या अलीकडे दुखते. पलीकडे, शेजारच्या बाईंच्या अंगणात गेली की ती विशीतली होते.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्या आणि शेजारच्या घरात एकट्या राहायला आल्या. बोलायला गोड, साडीची घडी न मोडणाऱ्या. मला वहिनी म्हणतात, ह्यांना भाऊ म्हणतात. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं.

मग बाईंनी रोपांचा ट्रे आणला. काळ्या प्लॅस्टिकचा, त्यात बोटाच्या पेराएवढे खड्डे, आणि दर खड्ड्यात चिमूटभर मातीत एक एक पिटुनियाचं पोर. त्यांना प्लग म्हणतात म्हणे. दुसऱ्याने बी पेरायचं, दुसऱ्याने उगवून द्यायचं, आणि आपण आयतं घरी आणून म्हणायचं, माझी बाग. मी जन्मभर बी पेरत आलेय, तेलाच्या डब्यांत, रंगाच्या डब्यांत, फुटक्या बादलीत. अर्धी गल्ली माझ्याकडून रोपं नेते. मी कुंपणावरून ट्रे बघितला आणि म्हटलं, "छान आहेत हो. पाळण्यासकट विकत मिळाली वाटतं." बाई हसल्या. त्यांना टोमणा कळला नाही, की कळून हसल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या ट्रेमधून रोप काढायचं तर वरून ओढायचं नाही, खालच्या भोकातून बारीक काहीतरी घालून वर ढकलायचं. बाईंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे एखादं बारीक हत्यार असेल का?"

आमचे हे घड्याळजी. दुकान बंद केलं तेव्हा हत्यारांची पेटी कपाटावर टाकली ती तिथेच. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं तर म्हणाले, आता हात थरथरतो, नवीन आण. आणि त्या दिवशी ती पेटी खाली उतरली. स्टुलावर चढून उतरवली, माझ्यादेखत. चिमटे पुसले, भिंग पुसलं आणि निघाले. मी कुंपणाआडून बघत होते. एकेक रोप कुंडीत लावायला असं काढत होते जसं काही बायकांच्या मनगटी घड्याळातलं चाक उचलताहेत. हात कुठला थरथरतोय.

त्यानंतर रोजचंच झालं. कुंड्यांतली रोपं आणि उरलेला ट्रे सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. रोपांना उन्हाची, वाऱ्याची सवय लावायची असते, एकदम बाहेर ठेवली तर करपतात. हे मलाही ठाऊक आहे. पण बाईंनी त्याचं शाळेसारखं वेळापत्रक केलं, आज इतके तास, उद्या एक तास जास्त. आणि आमच्या घड्याळजींना तर काय, कोणीतरी वेळ पाळायला सांगितल्याचाच आनंद. खिशात गजराचं घड्याळ घेऊन फिरायला लागले. जेवताना गजर वाजला की घास खाली ठेवून उठायचे.

"कुठे?" मी विचारायची.

"आत घ्यायची वेळ झाली."

"तुम्हाला की रोपांना?"

चप्पल स्वतः शोधून घालायचे.

एकदा केस कापायला जातो म्हणून गेले आणि परत आले ते तेवढ्याच केसांनी, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पिशवी खांद्यावर घेऊन. पाठोपाठ बाई. दोघं नर्सरीत गेली होती, बसने. मला आयुष्यात कधी बसने कुठे नेलं असेल तर डॉक्टरकडे, तेही मीच पुढे आणि हे मागे.

मग बाई एका दिवसासाठी बहिणीकडे गेल्या. जाताना किल्ली मला नाही, ह्यांना दिली. ह्यांनी सकाळी सगळं अंगणात मांडलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले. म्हणाले, पाचपर्यंत बाहेर ठेवायची आहेत, मी पाचला येतो.

दुपारी असा कोरडा गरम वारा सुटला की दोरीवरचे कपडे पिळून घातलेले तसेच कडक झाले. मी ते काढायला गेले तर कुंपणापलीकडे ट्रे दिसला. कुंड्यांतल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. ट्रेमधली तर पार आडवी. चिमूटभर मातीत पाणी असतं किती, आणि ते किती टिकणार. सूर्य काही बाईंचं वेळापत्रक वाचून तापत नाही.

पहिल्यांदा मनात आलं ते लिहून टाकते. बरं झालं, असं आलं. मी घरात आले, चहा ठेवला, बसून प्यायले. खुशाल मरू देत.

कप विसळताना दुसरा विचार आला. मेली, तर बाई डोळ्यांना पदर लावणार. हे त्यांची समजूत काढणार. समजूत काढायला निदान आठवडा. आणि मग दोघं मिळून बसने जाणार, नवीन ट्रे आणायला.

मी कप तसाच टाकला आणि फाटकातून पलीकडे गेले.

ट्रे उचलून आणला आणि आमच्या न्हाणीघरात कपडे भिजवायच्या टबात दोन बोटं पाणी घालून त्यात ठेवला. वरून ओतलं असतं तर वाहून गेली असती, खालून हळूहळू ओढून घेतात. मग कुंड्याही आणल्या, सगळ्या, पाच-सहा खेपा करून. अर्धवट काम मला आवडत नाही.

तासाभरात एकेक मान वर यायला लागली. तेवढ्यावर परत नेऊन ठेवता आली असती. पण ट्रेमधल्या रोपांची मुळं खालून बाहेर डोकावत होती, त्यांना जागा हवी होती, आणि माझ्याकडे डबे होते. मी डबे न्हाणीघरातच मांडले, माती भरली आणि रोप काढायला गेले. सवयीने देठ धरून ओढलं. तुटलं. दुसरं ओढलं, तेही तुटलं. बारीक केसासारखी पोरं ती, माझ्या हाताला अंगणातल्या दांडग्या रोपांची सवय. चार-पाच हातात राहिली तेव्हा शहाणी झाले. कपाटावरून उतरवलेली पेटी उघडली, ह्यांचा चिमटा घेतला आणि खालून ढकलायला बसले. ह्यांच्यासारखं जमलं नाही. पण जमलं.

बरोबर पाचला बाहेर गजर वाजला. हे घरी आले नाहीत, रस्त्यावरूनच बाईंच्या अंगणात शिरले. मी खिडकीतून बघत होते. आधी उभेच राहिले. मग पाण्याच्या टाकीमागे बघितलं. मग बाकाखाली, गुडघ्यांवर बसून, मान पार जमिनीला लावून. ती कंबर बघून डॉक्टरने डिग्री परत केली असती.

घामाघूम होऊन आत आले. "अगं, चोरी झाली."

"काय गेलं?"

"रोपं. सगळी."

"चोर माहितीतला आहे," मी म्हटलं, "न्हाणीघरात जा."

गेले. मग डब्यांच्या रांगेजवळ खाली बसले आणि एका रोपाच्या पानाला बोट लावलं.

"वाचली का गं?"

"काही गेली. काही तुमच्या गजराने मारली, काही माझ्या हाताने. हिशेब सारखाच आहे."

"कागदावर पाच लिहिलं होतं."

"कागदावर वारा लिहिला होता का?"

मग खालीच बघत म्हणाले, "हातात काहीतरी काम असलं की बरं वाटतं. म्हणून जात होतो."

"इथे काम नाही? अंगणभर डबे पडलेत."

"तुझ्या डब्यांना हात लावला की तू ओरडतेस. मागे झारी घेतली होती, तर म्हणालीस, ठेवा, सांडाल. तेव्हापासून मी कंबर दुखते म्हणतो."

मी उठून ट्रे धुवायला घेतला.

तेवढ्यात बाई आल्या, हातात पिशवी, तोंडावर प्रवासाची धूळ. रिकामं अंगण बघून सरळ आमच्याकडेच आल्या. मी सगळं सांगितलं, वारा, टब, तुटलेली रोपं. चहा पिऊन मगच उठले होते, तेही सांगितलं. बाईंनी वाकून डबे बघितले.

"वहिनी, देठ नका धरू, पान धरा," त्या म्हणाल्या. "पान तुटलं तर दुसरं येतं." मग जरा थांबून, "मी रोपांना कागदावर शिकवत होते. तुम्ही जीव वाचवलात. ती इथेच राहू देत. फुलं आली की मला थोडी द्या."

"कीव नको," मी म्हटलं. "तुमच्या कुंड्या उद्या तुमच्या घरी. डब्यातली तेवढी माझी."

"मग कुंड्या रोज बाहेर-आत कोण करणार?" बाईंनी सहज विचारलं, आणि सवयीने ह्यांच्याकडे बघितलं.

हे सवयीने उठायला लागले. मग माझ्याकडे बघून अर्ध्यातच थांबले, ना उभे ना बसलेले.

मी ओले हात पदराला पुसले. "बाईंच्या कुंड्या मी आणि बाई करू. आणि तुम्ही, तुमचे हात चांगले आहेत, ते मी कुंपणाआडून बघितलंय, पण कुंपण ओलांडताना तुम्ही अक्कल घरी ठेवून जाता. ह्यापुढे तिकडे जायचं असेल तर अक्कल खुशाल घेऊन जा. हात इथे ठेवा. हे धरा, झारी. सांडली तरी चालेल."