ज्वालानंदांची पालवी

सॅन डिएगोजवळच्या जळक्या टेकडीवर आपली मराठी मंडळी झब्बे, साड्या आणि खाली स्पोर्ट्स शूज अशा थाटात जमली होती. महिन्यापूर्वीच्या वणव्यात सगळा कोळसा झालेला. मागच्या शनिवारी ज्वालानंद महाराजांनी एका काळ्या खुंटावर तीर्थ शिंपडलं, आणि आज त्याला चक्क हिरवे कोंब.

"आम्ही अग्नीची व्हायब्रेशन्स रिव्हर्स केली," महाराज म्हणाले. "हे झुडूप ज्याच्या दारी, त्याच्या घराला आग शिवणार नाही."

नरेंद्रनं डोळे मिटून हात जोडले. ऑफिसात हा गडी दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचा. स्वतःच्या डोक्याचं टेस्टिंग तेवढं राहून गेलं होतं. त्याच्या घरामागे, आईच्या खिडकीखाली, पांढऱ्या तुऱ्यांचं हेच रानझुडूप होतं, चमीस नावाचं. वणव्याची खबरदारी म्हणून सोमवारी ते कापायला आलेल्या माणसांना त्यानं परत पाठवलं आणि झुडपाला हळदकुंकू वाहिलं.

"अरे, निम्मं वाळलंय ते," आई म्हणाली. "मी तिथेच झोपते."

"आई, जरा पॉझिटिव्ह राहा ना."

आईनं शेजारच्या उपासनाला गाठलं. ती नागपूरची, इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तिनं नरेंद्रला टेकडीच्या पलीकडच्या बाजूला नेलं. महाराज तिकडे फिरकलेही नव्हते, तरी खुंटाखुंटाला कोंब.

"इथे तीर्थ कुणी शिंपडलं, दादा?"

महाराजांची रेंज मोठी असेल, असं नरेंद्रच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

उपासनानं माती उकरून बुंध्याची जाड गाठ दाखवली. "वरचं जळतं, ही वाचते. महिन्याभरात हिच्यातून फुटवे येतात. महाराज वणव्यानंतर लगेच का येत नाहीत, कळलं?"

"पण आगीला पुरून उरतं, हे खरंच की."

घरी येऊन तिनं त्याच्याच झुडपाची वाळकी फांदी बार्बेक्यूत टाकली. ती तडतडत भडकली.

"हे आधी जळतं, मग उगवतं," ती म्हणाली. "तुमच्या घराला खाली अशी गाठ आहे का?"

नरेंद्रनं आईच्या खिडकीकडे पाहिलं. त्यानं लगेच झुडूप तोडलं, हळदकुंकवासकट. मग मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'मी माती खाल्ली, तुम्ही खाऊ नका. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारचा खुंट बघा. आणि खिडकीजवळचं झुडूप आजच कापा. आत आपली माणसं झोपतात.'