पांथरीची खाच

शोभाताईंनी हातमोजा सलीलपुढे आपटला.

"घाल. आणि खाचेत बोट फिरव."

टेबलावर मेलेल्या जमनीची पांथरी, म्हणजे प्लीहा, होती, फॉर्मॅलिनमध्ये राहून घट्ट झालेली. सलील त्यांचा जुना विद्यार्थी. आता तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदनं करायचा. पांथरीवर खोल खाच दिसली आणि त्यानं हिशेब मिटवून टाकला: खाच अधिक नवरा बरोबर मारहाण. नवरा सेवादास तेव्हापासून कोठडीत. शरीररचनेच्या प्राध्यापक शोभाताईंनी मान डोलावली की अहवाल पक्का, म्हणून बरणी घेऊन स्वारी यवतमाळला आली होती.

"कड कशी लागते?"

"गुळगुळीत, मॅडम."

"आत पापुद्रा?"

"आहे."

"फाटलेल्या पांथरीला आतून अस्तर कोण लावतं रे, शिंपी? पोटात रक्त होतं?"

"तसं... नव्हतं."

"गर्भात पांथरी गोळ्यागोळ्यांनी जुळते. कुणाची सांध बुजते, कुणाची जन्मभर उघडी राहते. पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. तुझं लक्ष कँटीनच्या समोशात!"

"पण पंजाबराव म्हणाले, नवरा मारतोच. त्यांच्याच शेतावर होती ना ती कामाला."

"मढं तू फाडलंस की पंजाबरावांनी?"

त्यांनी मत लिहिलं: खाच जन्मजात, इजा नाही. सही इतकी दाबून केली की कागद फाटायचाच राहिला.

दाराबाहेरच्या बाकावर सेवादासची आई, रामीबाई, बसली होती.

"मावशी, पोरगा सुटेल तुमचा. त्याच्या मारानं नाही गेली ती."

रामीबाईचा चेहरा उजळला नाही.

"मारे तर तो, बाई. खोटं काहून बोलू? पन त्या दिशी थे पंजाबरावच्या कपाशीत फवाऱ्याले गेलती. बोंडअळीपायी मालकानं जालीम औषध आनलतं. घरी आली अन् तोंडाले फेस. मी सांगतलं, कोनी आयकलं नाही." तिनं दारातून बरणीकडे बोट केलं. "त्याच्यात जहर सापडन का?"

शोभाताई गर्रकन वळल्या.

"विष तपासायला काय पाठवलंस?"

"मारहाण दिसल्यावर... काही नाही, मॅडम. एवढंच ठेवलं."

"फॉर्मॅलिनमध्ये! विष शोधायचं तर मिठाच्या पाण्यात ठेवतात, गाढवा!"

आवाज व्हरांडाभर घुमला. जमनीचा देह तर केव्हाच जाळला होता.

रामीबाई पदर सावरत उठली.

"म्हंजे," ती हळू म्हणाली, "मारनारा अन् मालक, दोघंबी सुटले."