आठ नंबरचे बूट

देवबागच्या कुणाही रापणकाराला, जाळं ओढणाऱ्या मासेमाराला, विचारा, होडीत सगळ्यात वाईट काय? तो सांगेल, पायात अडकलेला दोर. जाळं गेलं तर दुसरं विणता येतं, पाय अडकला तर माणूस जातो. मारियानच्या नवऱ्याने, साल्वादोरने, जन्मभर हेच दुसऱ्यांना शिकवलं आणि एका सकाळी तो स्वतःच विसरला. जाळं सुटलं, फास घोट्यात बसला आणि जाळ्याबरोबर तोही तळाला गेला. तेव्हापासून मारियानच्या घरात कुणी बुटाची नाडीसुद्धा आवळून बांधत नव्हतं.

आणि त्याच घरात, ऐन दिवसाढवळ्या, तिचा मुलगा लिओन दोन्ही पाय एका फळीला बांधून उभा होता!

फळी बर्फावरून घसरायची. लिओनचा चुलतभाऊ नेल्सन गोव्याचा, पण नोकरीला गुलमर्गच्या एका हॉटेलात. मागच्या थंडीत लिओन त्याच्याकडे गेला आणि बर्फ डोक्यात घेऊन परत आला. तिथे शिकवणारे तयार करायचा कोर्स होता. पास झालं की दर हंगामाला काम. नेल्सनने आपली जुनी फळी दिली. तिच्यावर पाय धरून ठेवायला पट्ट्यांचे दोन साचे बसवलेले होते, त्यांना बायंडिंग म्हणतात. बूट मात्र ज्याचे त्याने घ्यायचे. लिओनने दोन मापांचे मागवले होते, आठ आणि नऊ. बसतील ते ठेवायचे, उरलेले परत.

"नऊ बरे आसत," मारियान म्हणाली. "बोटां हलतत."

"हलूक नको, मम्मी. ह्यां बघ." त्याने आठ नंबर चढवले. "सरळ उभो ऱ्हवलंय तर बोटां फुडे टेकतत. गुडघे वाकवलंय की मागे येतत. आनी टाच बघ, इल्लीशी उचलता? नाय. असोच होयो."

"आनी पडलंस तर पाय सुटतलो कसो?"

"सुटूचोच नाय. बूट फळयेबरोबर वळाक होयो. आत पाय हललो तर फळी एकीकडे आनी पाय दुसरीकडे. मोडतलो मगे."

तो हसत होता. धाकटी सिल्व्हियाही हसत होती, भावाची गंमत म्हणून फोनवर फोटो काढत होती. मारियानला मात्र ते दोन पट्टे दिसत होते, एक घोट्यावर, एक बोटांवर. घोट्यावरचा तर नेमका तिथेच, जिथे साल्वादोरच्या पायावर दोराचा वळ उठला होता. मढं तिने स्वतः धुतलं होतं. तिला कोण समजावणार होतं?

लिओन बोटीवर कामाला गेला. जाताना सांगून गेला, कुरियरवालो विनीत येतलो, तेका नऊचो खोको दी. खोकी दोन्ही सारखीच, नुसता वरचा आकडा वेगळा. विनीत आला आणि मारियानने त्याच्या हातात आठचा खोका ठेवला. बरं वाटलं तिला. नऊचे बूट तिने आपल्या हाताने लिओनच्या बॅगेत भरले, आत मोजे कोंबले, वर टॉवेल घातला आणि चेन लावली. म्हणाली, जा पुता, देव बरे करू.

गुलमर्गहून फोन आला. "मम्मी, त्या विनीतान घोळ केल्यान. नऊ इले."

"मोठे बरे रे," ती म्हणाली.

"बरे खंयचे! आता दुसरे घेवक जमाचा नाय, उद्या कोर्स सुरू. दोन मोजे घालतंय, पट्टे आवळतंय."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं! पण बाईने फोन ठेवला. मनात म्हणाली, पडला तर पाय निघेल.

पाय निघाला नाही. उतारावर वळताना टाच बुटातल्या बुटात उचलली गेली, फळी वळायची ती वळलीच नाही, आणि लिओन आडवा झाला. बुटावर आवळलेले पट्टे जागचे हलले नाहीत. सैल बुटात घोटाच तेवढा फिरला. डॉक्टरांनी सळया घातल्या आणि सांगितलं, हा घोटा आता वाकणार नाही. म्हणजे बर्फ गेला, आणि हलत्या बोटीवर उभं राहणंही गेलं.

लिओन घरी आला तो विनीतवर दात खाऊनच. त्याने कुरियरच्या हापिसात तक्रार केली. विनीतला घरी बसवलं. मालवणात त्याची बायको, अंगावर पिणारं पोर. एका दुपारी तो दारात आला तेव्हा मारियान लिओनचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होती.

"मावशी," विनीत म्हणाला, "तुमी दिल्यात तोच खोको मी नेलंय. तुमी लिओनाक सांगा. माझ्या पोटार पाय येता."

"माझ्या आवशीवर घालतंस?" लिओन ओरडला. "लाज नाय?"

विनीतने मान खाली घातली. भांडायला आलेला माणूस मान खाली घालत नाही. मारियानला ते बघवलं नाही.

"तेचो दोष नाय," ती म्हणाली. "आठचो खोको मीच दिलंय. जाणून दिलंय. तुझो पाय सुटूक होयो म्हणान."

लिओनला समजायला वेळ लागला आणि तो वेळ मारियानला सोसवेना. तो शिव्या घालेल, तेलाची बाटली फेकेल, काहीही करेल, तिला चाललं असतं.

"विनीत, तू जा," तो अखेर हळूच म्हणाला. "मी हापिसात फोन करतंय. माका माफ कर."

विनीत गेला. लिओनने दोन्ही हातांनी आपला पाय धरला, तिच्या मांडीवरून उचलला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवला.

"सिल्व्हिया! हंय ये गो. तेल तू लाव." मग आईकडे न बघता म्हणाला, "हेच्याफुडे माझ्या पायाक तू हात लावू नको."

मारियान उठली. तेलाचे हात तसेच धरून बाहेर पायरीवर जाऊन बसली. आत सिल्व्हिया भावाला विचारत होती, जोरान चोळू काय रे, दुखता काय?

"चोळ," लिओन म्हणाला. "थंय हात लावलेलो माका समजनाच नाय."