दादाकडून सप्रेम भेट

मी गंज बोलतोय. थांबा, नाक मुरडू नका! लोखंडाला तांबडा रोग होतो, तुम्ही ज्याला गंज म्हणता, तो मी नव्हे. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे भात रांधायच्या भांड्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, चांगला ऐसपैस, दोन कड्यांचा, भरला की चुलीवरून उतरवायला दोन माणसं लागतात असा. आणि जर्मनला गंज चढत नाही बरं का! एके काळी याचा मला भारी तोरा होता. आता त्याच गोष्टीचं रडू येतं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो आलापल्लीचा बाजार आणि माझ्या पोटात डोकं घालून ‘ऊऽऽ’ करून बघणारा पोचू. आवाज घुमला तसा गडी लहान पोरासारखा हसला. जंगलातल्या पाड्यावर राहायचा. कागदाच्या कारखान्यासाठी बांबू तोडून तोडून तळहात लाकडासारखे झालेले. धाकट्या बहिणीचं, बुधरीचं लग्न होतं. आईबाप नव्हते, यानंच तिला कडेवर घेऊन वाढवलेली.

“दोघांचा संसार, अन् एवढा मोठा गंज कायले घेतं गा?” भांडेवाल्यानं विचारलं.

“माह्या बहिणीच्या दारातून कोणी उपाशी नाई गेलं पाहिजे,” पोचू म्हणाला.

शेजारी डोमा नावाचा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन भांड्यांवर नावं घालत बसलेला. त्यानं विचारलं, देणाऱ्याचं नाव काय घालू? पोचू लाजला. “ती मले दादाच म्हणते. दादाच घाल.” मग डोमानं माझ्या कडीखाली टकटक करत अक्षरं घातली: ‘बुधरीस दादाकडून सप्रेम भेट’. गुदगुल्या झाल्या हो मला!

पोचूला वाचता येत नव्हतं, बुधरीलाही नाही. लग्नाच्या मांडवात पोचूनं तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. “हे पाय, पहिलं माहं नाव, मंग तुहं. देणारा पहिले असते.” साफ चूक! पहिलं नाव तिचंच होतं. पण त्या दिवशी त्यानं काय बिघडत होतं? मीही मजेत ऐकून घेतलं.

बुधरीचा नवरा इसरू. मोहाची फुलं वेचायची, डिंक काढायचा, थोडं धान पेरायचं, असा दोघांचा संसार. मी मात्र दोघांचा राहिलोच नाही, साऱ्या गावाचा झालो. कुणाचं लग्न, कुणाचं मरण, नव्या धानाचा सण, पंडुम, की निघाला गंज! नदीवर धरण होणार, जंगल बुडणार अशी आवई उठली, तेव्हा आसपासच्या गावांची माणसं बुधरीच्या अंगणात बोलणं करायला जमली. तेव्हाचा भातही माझ्यातच शिजला. गाव बुडेल याची काळजी होती, पण माणसं जेवली पोटभर. माणसाचं असंच असतं.

मग जंगलात बंदुका आल्या. त्या घेऊन फिरणाऱ्यांना लोक ‘दादालोक’ म्हणू लागले. मायेनं म्हणत की भीतीनं, मला कधी कळलं नाही. एका संध्याकाळी ते अंगणात आले आणि म्हणाले, भात टाका. बुधरीनं टाकला. खांद्यावर बंदूक असलेल्याला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? पुढे पोलिसांची गस्त आली. त्यांना कोंबडा हवा होता. तोही माझ्यातच रटरटला. मला विचाराल तर दोघंही सारखेच भुकेले होते, आणि जाताना दोघांपैकी एकानंही भांडं घासलं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यानंतर मात्र सगळं बिनसलं. नवा कडक कायदा आलाय, धरलं की जामीन नाही, असं बाजारात बोलत होते. एका दुपारी किराणावाले गुणवंतराव सायकल दामटत बुधरीच्या पाड्यावरून गेले. त्यांना माझ्यावरची अक्षरं माहीत होती. सायकल न थांबवताच ओरडले, “बुधरे, त्या गंजावर दादा लिवून हाये, घासून टाक वो लवकर! गस्त येऊन राह्यली!” आणि गेले. दोन मिनिटं उतरले असते तर! पण त्यांनाही आपला जीव प्यारा होता, त्यांना तरी काय बोल लावू?

बुधरीनं मला आडवं केलं, राख घेतली, वाळू घेतली, दगड घेतला. पहिल्या शब्दावर दगड टेकवला आणि लागली घासायला.

अगं बाई, ते नको! ते तुझंच नाव आहे! पुढचं घास, पुढचं! मी जीव तोडून ओरडत होतो, पण माझ्या अंगातून निघत होती नुसती खरखर. ती रडत होती आणि घासत होती. भावाचं नाव आपल्या हातानं पुसायचं म्हणून रडत होती बिचारी. जर्मन मऊ असतं, तो शब्द पार गेला. मग तिनं उरलेल्या अक्षरांवरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, “माहं नाव तरी राहू दे.”

उरलं होतं, ‘दादाकडून सप्रेम भेट’.

गस्त आलीच. साहेब नवा, लांबून बदलून आलेला. सोबत चिमूरकडचा शिपाई हरिदास. त्यानं मला उचललं, वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. साहेबानंही वाचलं.

“इथं आधी काहीतरी होतं. खोडलंय. कोण हा दादा?”

“माहा दादा, साहेब,” बुधरी म्हणाली.

“कुठं असतो?”

“जंगलात.” पुढे ती बांबूचं सांगत होती, पण साहेबाला हवं ते मिळालं होतं. घरात दोन माणसं, भांडं फौजेला पुरेल एवढं, त्यावर दादाची भेट! त्यानं इसरूचे हात बांधायला लावले.

हरिदास हळूच म्हणाला, “साहेब, मागच्या साली गस्तीवर आमीबी याच गंजातलं जेवलो होतो. साधी माणसं हायेत जी.”

“तू गप्प बस!”

मला जीपमध्ये टाकलं, इसरूला माझ्याशेजारी. रस्ताभर त्याचं डोकं माझ्या कडेवर आपटत होतं.

बुधरी भावाकडे पळत गेली असणार, कारण दुसऱ्याच दिवशी पोचू ठाण्यात हजर! धुतलेलं धोतर, डोक्याला नवा शेला. लग्नाला आल्यासारखा. मी टेबलावर होतो. मला बघून तो ओळखीचं हसला आणि छाती पुढे काढून म्हणाला, “साहेब, माह्या बहिणीच्या नवऱ्याले सोडा. दादा मीच आहो. हा गंज म्याच देल्ला.”

हरिदासनं कपाळावर हात मारला. साहेबानं पेन उघडलं. पोचूला वाटलं, इसरूला सोडायचा कागद होतोय. किती खुशीनं त्यानं अंगठा दिला! दोघांनाही आत ढकलेपर्यंत तो बापडा इसरूला सांगत होता, चल, घरी चल.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. कडीला चिठ्ठी बांधली आहे. शेजारची कुऱ्हाड तांबडी झाली, भरमार बंदुकीची नळीही तांबडी झाली. मी तसाच चकाकतो. देवा, लोखंडाचा का नाही केलास मला? ही उरलेली अक्षरं गंज चढून गळून पडली असती. पण जर्मनला गंज चढत नाही.

बुधरी दर बाजारच्या दिवशी येते. खिडकीतून मला ती चिंचेखाली बसलेली दिसते. हरिदास पाणी घेऊन गेला की ती एकच गोष्ट विचारते, “भाऊ, दादाचं नाव त म्या घासून टाकलं होतं. मंग त्याले काऊन धरलं?”

हरिदासला वाचता येतं. त्याला केव्हाच सगळं कळलंय. तो खाली मान घालून तांब्या घेऊन परत येतो.

तुम्हालाही वाचता येतं, म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. ठाण्यात जा, कचेरीत जा, जिथं कुणी ऐकेल तिथं जा, आणि सांगा की या गंजावरचा पहिला शब्द ‘बुधरीस’ होता. बहिणीला भावानं दिलेलं भांडं आहे हे. पण जाताना चिंचेखाली थांबू नका. तिनं कोणाचं नाव घासलं, ते तिला कळू देऊ नका.